समोर बसून मोजलेला गुडघा

गवंडी विमा कंपनीच्या कचेरीत गेला तो फक्त गुडघा मोजून घ्यायला. चार महिन्यांपूर्वी एका मोटारीनं त्याची सायकल उडवली आणि उजवा गुडघा चेचला. तेव्हापासून परांचीवर चढणं बंद. सोबत मेहुणा होता, कारण घरात वाचता येणारा तोच एक शहाणा.

भर दुपार, तरी खोलीत दिवा जळत होता. खिडकीच नव्हती. बंद पडलेल्या हौदासारखा ओलसर वास. कंपनीचा डॉक्टर टेबलामागं बसलेला. तो उठला नाही, या-बसा म्हणाला नाही.

"पाय वर ठेव. टेबलावर. दोन्ही."

त्यानं दोन पट्ट्यांचं माप काढलं. काटकोन तपासायच्या गवंड्याच्या गुण्याचा धाकटा भाऊच म्हणायचा.

"वाकव... अजून... बास. चाळीस टक्के." मग मेहुण्याकडं वळून म्हणाला, "टक्के गुणिले कमाई. वय बघून वर्षं धरायची. झाला पाय."

"म्हणजे माझ्या पायाचा भाव तू ठरवणार?" गवंडी फणकारला.

"कागद ठरवतो."

डॉक्टरनं भरून पुढं सारलेल्या कागदावर मेहुण्यानं न वाचताच साक्षीदाराच्या जागी सही ठोकली. गवंडी अंगठा टेकवणार, तोच त्याचा डावा पाय गार पडला. चांगला पाय! आधी टाच, मग पोटरी... कुणीतरी खालून ओला गिलावा चढवत यावा तसं.

"मेहुण्या, काय लिहिलंय ते वाच."

"गुडघा, डावा."

डॉक्टरनं समोर बसून मोजलं होतं. त्याच्या डाव्या हाताला आला तो डावा. भिंत मोजताना नवखं पोरही अशी चूक करणार नाही.

"दाजी, डावा काय अन् उजवा काय, पैसे तेवढेच. टेकवा अंगठा, नाहीतर अजून सहा महिने खेटे."

"एक मोडलाय, दुसरा कागदावर घालवू? मग तुझ्या बहिणीला काय, मला पाटीत घालून फिरवायला सांगू?" गवंड्यानं टेबलावर मूठ आपटली. "खोड ते!"

"खोडता येतं," डॉक्टर हळूच म्हणाला. "पण लिहिलेला गुडघा... कुणाला तरी द्यावा लागतो."

"द्यायचा त्याला दे. माझा नाही तो."

डॉक्टरनं रेघ मारली, वर 'उजवा' लिहिलं. गवंड्याच्या पायाला मुंग्या आल्या, मग ऊब. अंगठा टेकवून तो लंगडत दारापाशी गेला.

"चल रे."

"दाजी..." मेहुणा खुर्चीतच होता. हसू बघत होता, जमत नव्हतं. "दाजी, हा पाय... माझा लागत नाही."

गवंडी माघारी आला. मेहुण्याचा डावा गुडघा हातात धरून वाकवला. गुडघा गार होता. आणि जिथं त्याचा स्वतःचा अडायचा, नेमका तिथंच अडला.

रागाच्या भरात आपण काय बोलून बसलो, ते त्याला आत्ता कळलं. बायकोचा पाठचा भाऊ. घरी काय तोंड दाखवायचं?

"याचा कागद काढ. आत्ता."

"अपघात कुठं झाला?" डॉक्टरनं मान वर न करता विचारलं.

"इथं. तुझ्या टेबलापुढं. लिही, मग खोड. अन् साक्षीदार तू. कर सही."

डॉक्टरचं पेन थांबलं. त्यानं खुर्ची जराशी मागं सारली. विजारीचे दोन्ही पाय रिकामे होते, नीट घडी घालून टाचणीनं टाचलेले.

"पुष्कळांचा साक्षीदार झालोय मी," तो म्हणाला. "आता दुसरा शोधा..."

गवंड्यानं दाराला आतून कडी घातली. खुर्ची ओढून डॉक्टरच्या शेजारी लावली. समोर नाही, शेजारी.

"लिही. निघेल तो मार्ग निघेल. हा चालत घरी गेल्याशिवाय मी हलत नाही."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. अगदी हळू.

"साक्षीदार... पाहिजे का?"

आवाज गवंड्याच्या बायकोचा, मेहुण्याच्या बहिणीचा होता. तिला तर दोघं सकाळी दोन कोसांवर, घरी ठेवून आले होते.

मेहुणा "ताई" म्हणायला तोंड उघडणार, तोच गवंड्यानं त्याच्या तोंडावर हात दाबला. नजर कडीवर. बाहेर ती असो की दुसरं काही, साक्षीदार म्हणून आत येऊ द्यायचं नव्हतं.

"तू लिही रे," तो डॉक्टरला म्हणाला.