नारुसावाच्या धबधब्यावरचं पाणी

नारुसावा ओढा धबधब्याच्या वर जिवंत आहे की मेला आहे, एवढंच बघायचं होतं. पण त्या एवढ्याशा गोष्टीसाठी फुमिनोनं अख्ख्या गावाशी वैर घेतलं होतं.

झालं होतं असं. धबधब्याच्या वर ओढ्याच्या दोन्ही काठांना बुना आणि तोचीचं जुनं रान उरलं होतं. कुणी न लावलेली, दर शरदात पानांचा खच पाडणारी झाडं. कामिनाराच्या वनसंस्थेला ते रान तोडून तिथंही देवदार लावायचे होते. रविवारी सभा, हात वर झाले की सोमवारी करवती. त्याआधीच्या बैठकीत अध्यक्ष मुरोगासान चहावर फुंकर घालत म्हणाले होते, "अगं, त्या ओढ्यात आहे काय वाचवायला? जुनी दरड आली तेव्हाच तो मेला. वर साधा किडा नाही!"

किडा! फुमिनोचं पोटच त्यावर होतं. थंडीत ओढ्यातले दगड उलटून ती झाझामुशी, म्हणजे पाण्यातले किडे, पकडायची, सोयासॉस-साखरेत आटवून बाजारात विकायची. वर्षागणिक तिचं जाळं हलकं होत चाललं होतं, आणि का ते तिला पक्कं ठाऊक होतं. ती भर बैठकीत उठून उभी राहिली.

"आणून दाखवते. जिवंत!"

हशा पिकला. "आणि ते वरचेच, हे कोण सांगणार? तूच?"

"माझ्यावर भरवसा नसेल तर तुमचा माणूस द्या बरोबर."

मुरोगासाननी माणूस दिला. हिदेत्सुगु, करवतवाल्या टोळीचा मुकादम आणि फुमिनोचा सख्खा थोरला भाऊ.

शनिवारी उजाडताच तिघं निघाली. तिसरे होते जिंपाची मामा, आईचे चुलतभाऊ. कडेकपारी चढण्यात साठी उलटून गेली तरी मामांचा हात कुणी धरत नसे, आणि खाण्यातही. गावाची वेस ओलांडली नाही तोच त्यांनी भाताचा पहिला गोळा सोडला.

"मामा, दुपारसाठी ठेवा की!"

"दुपारपर्यंत मी जगलो तर? वर जाताना उपाशी जाऊ?"

पायथ्याला देवदारांचं रान लागलं आणि दिवस मावळल्यासारखा अंधार झाला. खांबाला खांब लावल्यागत झाडं. लावली तेव्हापासून विरळ केलेली नव्हती. वरची छत्री इतकी दाट, की खाली ना गवत, ना झुडूप, ना नेचा. नुसती उघडी, काळी माती, आणि पावसानं तिच्यावर ओढलेले ओरखडे. ओढा त्या मातीतून मुकाट वाहत होता. फुमिनोनं वाकून एक दगड उलटला. खाली बारीक गाळ सिमेंटसारखा बसला होता. दुसरा उलटला. तिसरा. काही नाही.

"बघितलंस, दादा? दगडाखाली फट उरली तर किडा राहील ना! आणि खाईल काय? देवदाराच्या सुया?"

"झाडं माणसांच्या घरांसाठी लावलीत, किड्यांच्या जेवणासाठी नाही," हिदेत्सुगु गुरगुरला. "बाबांनी लावलीत ही. विसरू नकोस."

"बाबांनी लावली. विरळ करायची होती तुम्ही."

"केली की! त्या घळीत केली नाही का?" त्यानं उजवीकडे बोट दाखवलं. आडव्या घळीच्या उतारावर कापलेले ओंडके जिथं पडले तिथंच काड्यांसारखे विखुरले होते. "अनुदान कापायचं मिळतं, ओढून न्यायचं नाही."

त्या ओंडक्यांकडे फुमिनोनं जरा जास्तच वेळ पाहिलं.

पुढं जुनी दरड. अर्धा डोंगर सोलून निघालेला. पाय टाकावा तिथं दगड घरंगळत होते आणि खालून त्यांचा आवाज उशिरानं येत होता. एकेकानं पार व्हायचं, मधे थांबायचं नाही, असा मामांचा हुकूम. हिदेत्सुगु मधे थांबला. पायाखालची जमीन सुटली! तो चार हात खाली घसरला, एका खडकाला छातीनं थटला आणि तिथंच चिकटून राहिला.

"तिथंच संसार मांडणार का रे?" मामांनी वरून दोर फेकला.

"दोर नको मला," असं म्हणत त्यानं दोर घट्ट धरला.

आणि मग धबधबा! तीन पुरुष उंचीचा काळा कडा, शेवाळानं माखलेला, मधून पाण्याचा पांढरा लोट. मामा कड्याच्या डाव्या अंगानं पालीसारखे चढले. तोंडानं बडबड चालूच होती. वर एका तोचीच्या बुंध्याला दोर बांधून त्यांनी हाक दिली. फुमिनो निघाली. पाणी खांद्यावर आदळत होतं, बोटं बधिर झाली होती, पाठीवरची डबी खडकाला ठणठण आपटत होती. मासेमारीची झाकणवाली डबी ती, जाड पट्ट्याची. मधेच उजवा पाय सटकला. ती हवेत लोंबकळली. खालून भाऊ ओरडला, "उतर खाली! मी सांगेन त्यांना, तू प्रयत्न केलास म्हणून!"

"प्रयत्न केला म्हणून सांगायला कुणी आलंय इथं?" ती दात-ओठ खात ओरडली. पुन्हा पाय रोवला. चढली!

मागोमाग दोर धरून हिदेत्सुगुही वर आला.

उजेड होता. पिवळा, तांबूस, हलणारा उजेड. बुनाची पानं संथपणे गळत होती. ओढ्याच्या प्रत्येक वळणावर, प्रत्येक दगडाच्या पाठीशी त्यांचे ओले थर साचले होते. मुळांनी काठ मुठीत धरल्यासारखा धरून ठेवला होता. जुन्या दरडीच्या वेळची जखम ओढ्याच्या एका काठावर अजून दिसत होती, पण तिच्यावर वेतासारखी कोवळी झाडं दाटली होती. पाणी असं नितळ, की ते आहे हे आवाजावरूनच कळावं.

फुमिनो गुडघ्याएवढ्या पाण्यात शिरली. खाली जाळं धरलं, दगड उचलून उलटला.

"दादा. इकडे ये."

दगडाच्या पोटाला चपटे, पिवळे-काळे, दोन शेपट्यांचे किडे बिलगले होते. एक बोटाएवढा. दोन नखाएवढे. आणि तिळासारखी कितीतरी पिल्लं, उजेड टाळायला धावत सुटलेली.

"या मोठ्याला पंख फुटायला पाण्यात काही वर्षं काढावी लागतात," ती म्हणाली. "हे सगळ्या वयांचे आहेत. म्हणजे हा ओढा काल-परवा जिवंत झालेला नाही. दरडीतून तो स्वतःच उठलाय. या झाडांनी उठवलाय त्याला!"

हिदेत्सुगुनं स्वतः एक दगड उलटला. मग दुसरा. मग कोपरापर्यंत हात घालून तो उलटतच राहिला, लहानपणी दोघं उलटायची तसा. "अरे, हा बघ केवढा धटिंगण!" असं त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच ओशाळून त्यानं दगड जागेवर ठेवला.

डबीत गार पाणी, पानं आणि मोजके किडे घेऊन तिघं परत फिरली, तोच पाऊस आला. वादळाचं शेपूट समुद्रावरून डोंगरात घुसलं होतं. दोरावरून धबधबा उतरेपर्यंत पाणी चहासारखं झालं होतं. दरड त्यांनी वरच्या अंगानं वळसा घालून टाळली. आडवी घळ मागं टाकून तिघं देवदारांत शिरली, तेव्हा सरींनी कान बधिर केले होते.

आणि अचानक फुमिनो थबकली.

ओढ्याचा आवाज बसला होता. पाऊस वाढत होता आणि पाणी उतरत होतं! मघा बुडालेले दगड उघडे पडत होते.

"दादा! घळीतले ओंडके! वर कुठंतरी बांध पडलाय. वर चढा! सोडा ओढा, वर!"

ती धावली. पण चढणार कशाच्या आधारानं? उघड्या मातीचा चिखल झाला होता. धरायला झुडूप नाही, गवताची काडी नाही. दोन पावलं वर, दीड पाऊल खाली. मामांनी एका देवदाराला मिठी मारली, मग वरच्या दुसऱ्याला. फुमिनो त्यांच्या मागं. हिदेत्सुगु सर्वांत खाली.

मागून डोंगर खाकरल्यासारखा आवाज आला. जमीन थरथरली. मग वास आला, ओल्या मातीचा आणि ताज्या चिरलेल्या लाकडाचा!

लोंढा वळणावरून आला तो पाण्याचा नव्हताच. ओंडके, दगड, चिखल, सगळं एकमेकांवर चढत येत होतं. एका ओंडक्याचं टोक काठावर भिरभिरलं आणि हिदेत्सुगुच्या पायावर बसलं. तो किंचाळला. घसरला. कमरेपर्यंत चिखलात गेला!

दोर मामांकडे, वर. वेळ नव्हता. फुमिनोनं पाठीवरची डबी काढली, पट्ट्याचं टोक मनगटाला गुंडाळलं आणि डबी भावाकडे भिरकावली.

"धर!"

झाकण उडालं. पाणी, पानं, किडे, सगळं चिखलात सांडलं. हिदेत्सुगुच्या दोन्ही पंजांनी रिकामी डबी कवटाळली. पट्टा तिच्या मनगटात रुतला. खांदा निखळतो की काय असं झालं. तिनं एका झाडाला पाय लावला आणि सोडलं नाही. सोडलंच नाही! वरून मामांचा दोर आला. मामा आयुष्यात पहिल्यांदाच न बोलता ओढत होते.

लोंढा निघून गेला. तिघं एका बुंध्याशी पडून धापा टाकत राहिली. हिदेत्सुगुची नडगी मोडली होती.

"तुझे किडे गेले," तो पुटपुटला.

"गेले. परत चढू आपण."

"या पायानं?"

"पाय बरा झाल्यावर. मला घाई नाही, पण मी सोडणारही नाही."

रविवारी सकाळी सभागृहाचं दार सरकलं, तेव्हा जिंपाची मामांच्या पाठुंगळी हिदेत्सुगु होता, पायाला खपच्या बांधलेल्या. मागं फुमिनो, हात गळ्यात अडकवलेला. मुरोगासाननी तिच्या मोकळ्या हाताकडे बघितलं.

"मग? कुठे आहेत ते किडे?"

"लोंढ्यात," फुमिनो म्हणाली. "तुमच्या माणसाला वर ओढताना."

कुणीतरी खुदकन हसलं.

"हसू नका," हिदेत्सुगु म्हणाला. मामांनी त्याला खुर्चीत बसवलं. "मी पाहिलेत. या हातांनी दगड उलटलेत. वर ओढा जिवंत आहे. आणि खाली आपण जे केलंय ते काल माझ्या अंगावर आलं. पाऊस आणखी टिकला असता तर तुमच्या घरांवर आलं असतं."

"हिदेत्सुगु," अध्यक्षांचा आवाज मऊ झाला, "तू थकलायस. रान तोडायचं की नाही हे सभा ठरवेल."

"ठरवा की! पण माझी टोळी तिथं करवत लावणार नाही. दुसरा मुकादम शोधा. आणि त्याला म्हणावं, आधी धबधबा चढून जा, एक दगड उलट, मग झाड पाड."

मुरोगासाननी प्रस्ताव वाचला. हात वर करायला सांगितलं. त्यांचा स्वतःचा हात वर गेला, त्यांच्या पुतण्याचा गेला. बाकीचे सगळे हात मांडीवरच राहिले. पुतण्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि आपला हात हळूच कानामागं नेऊन खाजवला.

बाहेर ऊन पडलं होतं. मामा जेवायची वाट बघत होते. हिदेत्सुगुनं हुश्श केलं.

"झालं ना तुझ्या मनासारखं? आता तरी गप्प बसशील?"

"अर्धंच झालं," फुमिनो म्हणाली. "खालचे देवदार विरळ करायचेत. खाली उजेड पोचला पाहिजे. आणि या वेळी ओंडके ओढून बाहेर काढायचे. एकूण एक."

"अगं, पाय मोडलाय माझा!"

"तोंड शाबूत आहे ना? टोळीला बोलावणं धाड. उद्यापासून सुरू."