माझं अजून शिकून झालेलं नाही

बुधवार पेठेतल्या त्या दुकानात मी पंख्याच्या खोक्यावर हात ठेवला आणि माझं ठरलेलं वाक्य म्हटलं, "काका, जरा कमी करा ना, संस्थेसाठी आहे." नेमकं त्याच क्षणी शेजारून तेच वाक्य, त्याच केविलवाण्या सुरात ऐकू आलं. फक्त आवाज पुरुषाचा होता.

दुकानदारांनी चष्म्यावरून आधी मला पाहिलं, मग त्याला. "पुण्यात हल्ली गिऱ्हाईकं कमी आणि संस्था जास्त झाल्यात," ते म्हणाले. "तुम्ही दोघं बाहेर पायरीवर बसा, जास्त गरीब कोण ते ठरवा आणि मग एकानेच आत या."

आम्ही खरंच बाहेर आलो. एप्रिलचं ऊन होतं, पायरी तापली होती. तो उंच होता, कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि हसताना त्याचे आधी डोळे हसायचे, ओठ मागाहून.

"तुम्हाला पंखे कशाला हवेत?" त्याने विचारलं.

"अभ्यासिकेसाठी. पोरं घामाने निथळतात. तुम्हाला?"

"पाळणाघरासाठी. बांधकामावर काम करणाऱ्या बायकांची बाळं असतात. वर पत्रा आहे..."

"जा," मी म्हणाले. "बाळं जिंकली."

"असं कसं, अभ्यास पण—"

"अहो, जा ना. माझं मन बदलायच्या आत."

तो आत गेला आणि थोड्या वेळाने माझ्या पुढ्यात एक खोकं ठेवून म्हणाला, "दोघांचे एकत्र घेतले. घाऊक भाव पडला." मी आत जाऊन दुकानदारांना पैसे दिले आणि सुटे परत मिळेपर्यंत त्याची रिक्षा निघूनही गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं. घरी येईपर्यंत मी त्या गोष्टीवरून स्वतःला चार वेळा मूर्ख म्हणून घेतलं.

उन्हाळा सरता सरता अभ्यासिकेचा निधी संपला. आमच्या क्षेत्रात असंच असतं, निधी संपला की पोरं घरी आणि आपणही घरी. सामाजिक संस्थांचं व्यवस्थापन या विषयात मी पदव्युत्तर शिक्षण घेतलंय. येरवड्याच्या आमच्या कॉलनीत बाबा ते असं समजावतात, "एमबीएसारखंच आहे, फक्त पगार नसतो." तर मी नवी नोकरी शोधत खराडीच्या एका संस्थेत मुलाखतीला गेले. टेबलापलीकडे संस्थेच्या संस्थापक सुहासिनीताई बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी तो. संस्थेचा प्रमुख, राजस. विद्यापीठातल्या आमच्याच विभागातून माझ्या काही वर्षं आधी बाहेर पडलेला.

माझं नाव ऐकलं की पेठांमधली काही माणसं जराशी थबकतात आणि मग "छान आहे हं नाव" म्हणतात. राजस सदाशिव पेठेतला, पण तो थबकला नाही. "आम्रपाली," तो म्हणाला, "पंखा चालतोय का?"

नोकरी मिळाली. सुहासिनीताईंनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बजावल्या. एक, इथे साहेब-मॅडम कुणी नाही, सगळे ताई आणि दादा. दुसरी, "वरिष्ठाने हाताखालच्या माणसाला एकट्याला चहालासुद्धा बोलवायचं नाही. मी पुष्कळ संस्था पाहिल्यात. नियम म्हणजे नियम."

दुसरा नियम राजस काटेकोर पाळायचा. चहा घ्यायचा तर सगळ्यांबरोबर, साइटवरच्या पाळणाघराच्या शेडमध्ये, बाळांच्या रडारडीत. पहिला नियम मात्र मला काही केल्या पाळता येईना. बाकी सगळे दादा माझ्या तोंडातून सहज निघायचे, पण राजसच्या नावापुढे दादा म्हणायला जीभ वळेचना. मग मी नुसतं "अहो, ऐकलंत का?" म्हणायचे. त्यावर बाळं सांभाळणाऱ्या चंपाताई पदरात तोंड खुपसून हसायच्या.

काय सांगू, मी पुरती घसरले होते. तो रडणारं बाळ खांद्यावर घेऊन फोनवर देणगीदाराशी बोलायचा आणि मी हिशेबाच्या बेरजा चुकवायचे.

ऑगस्टमध्ये आमच्या विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आली. तिथे रोजच कुणाची ना कुणाची येते. अपूर्वा दिल्लीला गेली, राकेश रांचीत संचालक झाला, सगळ्यांना अंगठे आणि फुलं. त्या दिवशी होतं, "राजसला गुवाहाटीच्या मोठ्या संस्थेचं बोलावणं! अभिनंदन!" मी अंगठा दिला नाही.

आणि पुढच्याच सोमवारपासून तो मला शिकवायला लागला. साइट इंजिनिअरशी कसं बोलायचं, देणगीदाराला नाही कसं म्हणायचं, पाण्याचा टँकर चुकला तर कुणाला फोन करायचा. मला लगेच कळलं. आमच्या विभागात पहिल्या सत्रात हेच तर घोकून घेतात, काम असं सोपवून जा की तुमच्यावाचून अडता कामा नये. याचा अर्थ एकच. राजस निघाला होता.

मग मी ठरवलं. मला काही येणारच नाही.

"टँकरवाल्याचं नाव काय सांगितलं होतं मी?" तो विचारायचा.

"विसरले..."

"आम्रपाली, परवाच तर सांगितलं."

"माझं डोकं जरा मंदच आहे हो. परत सांगा ना."

तो कपाळाला हात लावायचा आणि परत सांगायचा. पत्र्यावर परतीचा पाऊस ताडताड वाजायचा, तो मोठ्याने बोलायला जवळ सरकायचा, आणि मी ऐकलेलं सगळं पुन्हा एकदा विसरून जायचे. कधी कधी तो माझ्याकडे असा काही हताश होऊन बघायचा की खरं काय ते सांगून टाकावंसं वाटायचं. पण मी बधले नाही. मला आलं की हा जाणार, एवढाच माझा हिशेब होता.

दिवाळीनंतर घात झाला. राजस बैठकीसाठी मुंबईला गेला होता आणि नव्या साइट मॅनेजरने सकाळी सकाळी हुकूम सोडला, शेड रिकामी करा, सिमेंटची पोती ठेवायची आहेत. चंपाताई बाळं उराशी धरून माझ्याकडे बघत राहिल्या. राजसचा फोन लागेना. आता मंद डोकं घेऊन कुठे जाणार... मी मॅनेजरला खुर्ची दिली, चहा दिला, आणि कायद्याने साइटवर पाळणाघर का लागतं ते शांतपणे समजावलं. बिल्डरच्या ऑफिसला त्याच्यासमोरच फोन लावला. पोत्यांसाठी दुसरी जागासुद्धा मीच दाखवली. दुपारपर्यंत बाळं आपापल्या पाळण्यात झोपली होती.

सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मी मात्र शेडमागे जाऊन रडले. मला सगळं येतं हे आता सगळ्यांना कळलं होतं.

आठवड्याभरात सुहासिनीताईंनी बोलावलं. "विश्वस्तांचं ठरलंय, जानेवारीपासून प्रमुख तू. तोंड का पाडतेस? अभिनंदन करतेय मी, सांत्वन नाही."

"आणि... ते?"

"त्याचं तो सांगेल. तुमच्या विभागाचा मेळावा आहे ना?"

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची आमची पद्धत अशी, की प्रत्येकाने उभं राहून आपली नवी वाटचाल एका वाक्यात सांगायची. मी सांगितली, टाळ्या पडल्या. मग राजस उठला. मी हातातल्या रुमालाकडे बघत बसले. गुवाहाटी हा शब्द कानांवर पडताना निदान त्याचा चेहरा दिसू नये.

"जानेवारीपासून मी एका कंपनीच्या सामाजिक निधीचं काम बघणार आहे," तो म्हणाला. "हिंजवडीत."

टाळ्या वाजल्या. मी वाजवायची विसरले. छातीवरचं मोठं ओझं कुणीतरी अलगद उचललं होतं आणि मला एकदम इतकं हलकं वाटलं की हसू येतंय की रडू तेच कळेना. हिंजवडी... म्हणजे पुणेच की. ट्रॅफिक सोडला तर पुणेच.

अंगणात गाठलं मी त्याला. "आणि गुवाहाटी?"

"त्यांना ऑगस्टमध्येच नाही म्हटलं."

"मग मला शिकवत कशाला होतात?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. कान लाल झाले होते त्याचे. "मी प्रमुख असेपर्यंत तुला चहाला विचारता येत नव्हतं. ताईंचा नियम बरोबरच आहे. म्हटलं, आपण बाजूला व्हावं. पण काम वाऱ्यावर सोडून कसं जाणार? तू तयार झालीस की लगेच निघायचं, असं ठरवलं होतं. आणि तू... दर सोमवारी सगळं विसरून यायचीस!"

"मला सगळं पहिल्याच आठवड्यात आलं होतं," मी म्हणाले.

"काय?"

"मला आलं की तुम्ही जाल, म्हणून..."

आधी त्याचे डोळे हसले. "आणि मी वेडा रोज ताईंना सांगत होतो, पोरगी गुणी आहे, पण लक्षात राहत नाही हो तिच्या."

"ताई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तुझ्याही लक्षात येत नाही."

दोघंही हसलो, बराच वेळ. मग तो गंभीर झाला. "एक आहे. ते पद तुला तुझ्या कामावर मिळालंय. मला नाही म्हणालीस तरी ते तुझंच. पण तू मला एकदाही दादा म्हणाली नाहीस... त्या एका गोष्टीवर मी हे महिने काढलेत. कालच ताईंकडे कारभार सोपवला, आता मी प्रमुख नाही. चहाला येशील? एकटी?"

इतका आनंद झाला होता, तरी मी येरवड्याची. सहज हो म्हणणार नव्हते. "तुमची कंपनी उद्या आम्हाला निधी देणार असेल, तर हा चहा बरा दिसणार नाही."

"मी त्यांना आधीच सांगितलंय. तुमच्या संस्थेचा अर्ज माझ्याकडे येणार नाही."

"म्हणजे निधीही गेला?"

"माझ्याकडून तरी."

"फार महाग पडला हो चहा," मी म्हणाले. मग फाटकाची पायरी उतरले आणि मागे वळून हात पुढे केला. "चल, राजस."

दादा नाही, अहो नाही. तो जागच्या जागी थांबला. "परत म्हण."

"चहा गार होईल."

"अजून घेतलाच कुठे आहे?"

"म्हणून तर म्हणतेय, चल."