जुन्या मैद्याचा डबा

"निल्दानं माझ्या पोरीला विष घातलं!" योलेइदा दारातच ओरडली. "आजच्या आज तिला पोलिसांत द्या."

माराकायबो शहरात खासगी तपास करणाऱ्या एर्मेलिंदाबाई आत शिरल्या. मागोमाग घाम पुसत त्यांचे मदतनीस नेक्तारिओ. त्यांची ट्यूब नेहमीच उशिरा पेटायची.

काल नऊ वर्षांच्या मारियेलिसला निल्दाआत्याने वाढदिवसाची गोड धिरडी खाऊ घातली. दहा मिनिटांत पोरीचे ओठ सुजले, श्वास कोंडला. इंजेक्शन वेळेवर मिळालं म्हणून वाचली. आज सकाळीच ती दवाखान्यातून घरी आली होती.

"मीही तीन धिरडी खाल्ली," निल्दा म्हणाली. "वहिनी, देवाशपथ, मी कशाला तिच्या जिवावर उठेन?"

"स्वतःच्या ताटात कोण विष घालतं? आजपासून तिचा घास माझ्याच हातचा!" योलेइदा कडाडली.

"पोरीला असं आधी कधी झालं होतं?" बाईंनी विचारलं.

"छे! पाव रोज खाते. अंथरूण झटकलं की मात्र शिंका आणि धाप."

"आणि धिरड्यांचा मैदा कुठला?"

"टंचाईत मिळाला तो," निल्दा म्हणाली. "वर्षभर डब्यात जपलाय. सणावारालाच काढतो."

बाईंनी तो मैदा काळ्या बशीत ओतून टोकदार ढीग केला. सगळे बघत राहिले. दहा मिनिटांत टोक आपोआप ढासळलं.

"पंख्याचा वारा," नेक्तारिओ म्हणाले.

"सकाळपासून वीज नाही, महाराज!" बाई म्हणाल्या. "हा मैदा वळवळतोय."

निल्दाने तोंडावर हात दाबला.

"अंथरुणाच्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात," बाई सांगू लागल्या. " मारियेलिसच्या शरीरातल्या रक्षक पेशींनी त्यांना केव्हाच शत्रू ठरवलंय. थोडे नाकात गेले की शिंका, धाप. त्यांचेच भाऊबंद या दमट मैद्यात माजलेत. भाजून मेले तरी पेशींना मेलेला शत्रूही शत्रूच. एवढे पोटात गेल्यावर त्या चवताळून उठल्या, आणि गळा सुजला पोरीचाच. गहू बाधत असता तर पावही बाधला असता. निल्दाच्या पेशींचं या किड्यांशी वैर नाही, म्हणून तिला काही झालं नाही."

"म्हणजे विष कुणीच..." योलेइदा बोलता बोलता थांबली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई, तुम्ही यायच्या जरा आधीच मी तिला धिरडी करून दिली. याच डब्यातली. विष निल्दाच्या हातात आहे, डब्यात नाही, असंच वाटलं मला."

निल्दा मागच्या अंगणात धावली.

मारियेलिस ताटापुढे बसली होती. कालच्या भीतीने इतका वेळ ती घास नुसता हातात धरून होती. आता तो ओठांशी आला होता. निल्दाने फटका मारून तो उडवला.

"गिळलंस का काही? बोल ना गं!"

पोरीने रडत मान हलवली. नाही.

योलेइदा उंबऱ्यातच मटकन बसली. निल्दाने मारियेलिसला आणून तिच्या मांडीवर बसवलं आणि ती जायला वळली.

"निल्दा, जाऊ नकोस," योलेइदा हुंदके देत म्हणाली. "माझ्याच हातून गेली असती गं ही."