ओठावरचं शीत

"मी कुमसाराला जाणार न्हाय, बाय. आणि सोमवारी लग्नालाही उभी राहणार न्हाय."

फिलूने हे इतक्या शांतपणे सांगितलं, की थोरल्या बहिणीच्या, कुंतानच्या हातातली कोळशाची इस्त्री त्या पांढऱ्या ओढणीवर तशीच थांबली, आणि करपल्याचा वास नाकात शिरला तेव्हा कुठे तिने ती उचलून बाजूला ठेवली. नवरीच्या ओढणीला बोटभर पिवळा डाग पडला होता. एरवी कुंतानचा जीव कासावीस झाला असता. देवळातल्या वेदीची वस्त्रं वर्षानुवर्षं तीच धूत होती, खळ देत होती, तिच्या हातून कधी सूतभरही कापड करपलं नव्हतं. पण आज तिने त्या डागाकडे पाहिलंसुद्धा नाही.

शनिवारची दुपार कलली होती. रेवदंडा आणि चौल यांच्या मधोमध, माडांच्या सावलीत वसलेल्या त्या लहानशा ख्रिस्ती पाड्यातल्या देवळात पाद्री लोकांची पापं ऐकायला बसला होता, आणि संध्याकाळची घंटा झाली की उठणार होता. सोमवारी फिलूचं लग्न. लग्नाच्या मिस्सेत, देवळातल्या त्या मुख्य विधीत, नवरीने कुमगार घ्यायचा, म्हणजे वेदीसमोर गुडघे टेकून पाद्रीच्या हातून ती पवित्र भाकर जिभेवर घ्यायची. आणि त्याआधी कुमसार करून, पाद्रीपुढे पापं कबूल करून, मन धुऊन यायचं, हा रिवाज सगळ्यांना पाठ. नवरीने कुमगार घेतला नाही तर पाड्यात काय बोललं जाईल, ते सांगायची गरज नव्हती.

अंगणात बायका वड्यांचं पीठ मळत होत्या. शेजारची रुझाय तिथूनच ओरडली, "ए पेजकुंतान, सोमवारी सकाळी बहिणीवर नजर ठेव गो! न्हायतर तुझ्यासारखी मडक्यात तोंड घालायची!"

बायका हसल्या. कुंतानही सवयीने हसली... अकरा वर्षं ती असंच हसत आली होती. पण फिलूचा चेहरा पांढराफटक पडलेला तिने पाहिला, आणि तिचं हसू ओठावरच विरलं.

ती अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या काळी कुमगार घ्यायचा म्हणजे मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही तोंडात घालायचा नाही, असा कडक उपास असे. पाड्यातली मुलं थोडी, म्हणून पहिल्या कुमगाराचा सोहळा दोन-दोन वर्षांनी होई. त्यामुळे दहा वर्षांची कुंतान आणि सात वर्षांची फिलू, दोघींचा पहिला कुमगार एकाच दिवशी आला. आई इनासीन विधवा बाई. तिने आपल्या लग्नाचा झगा फाडून कुंतानला पोशाख शिवला होता. फिलूचा मात्र मुंबईहून आला होता, तिच्या मादरीनकडून. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला मांडीवर घेणारी ही धर्ममाता खास या दिवसासाठी बोटीने आली होती, आणि तिने आणलेली लेस, मोजे, सोनेरी नक्षीची मेणबत्ती बघायला आदल्या दिवशी अर्धा पाडा लोटला होता.

पहाटे कुंतानला जाग आली तेव्हा फिलू चुलीपाशी बसून पेज पीत होती. रोज उठल्याबरोबर मडक्याशी जायची पोर ती, झोपेतच गेली असणार. कुंतानला पाहताच तिला उमगलं. वाटी हातातून गळून पडली. आवाजाने आई आली. सांडलेली पेज, उघडं मडकं.

"कोण प्यालं?" आईने विचारलं.

"मी," कुंतान म्हणाली.

तेवढाच एक शब्द. आईने तिच्या उशाशी घडी घालून ठेवलेली जाळीची ओढणी उचलून नेली. देवळात मुलींची रांग मेणबत्त्या घेऊन पुढे गेली आणि कुंतान सगळ्यात मागच्या बाकावर म्हाताऱ्या बायकांत बसली. दोन वर्षांनी तिचा कुमगार झाला तो लहान लहान पोरांमध्ये, ताडासारखी उंच एकटी ती... लोकांनी त्या पहिल्याच दिवशी तिचं नाव पेजकुंतान ठेवलं होतं. पण आतल्या आत तिला एक गोड समाधान असे. आपण बहिणीसाठी सोसलं, देवाला ठाऊक आहे, आणखी कुणाला कळायला नको! फिलू मोठी होत गेली तशी तिच्याशी तुटक वागू लागली, कधी आभाराचा शब्द नाही, कधी जवळ बसणं नाही, तेव्हाही कुंतान तो कृतघ्नपणा देवापुढे फुलासारखा ठेवून देई.

आता तिने दार लोटून घेतलं आणि फिलूजवळ बसली. आग्नेल चांगला मुलगा आहे, लाँचीवर कायमची नोकरी आहे, तुझं मन का फिरलं, असं तिने परोपरीने विचारलं. फिलूने मान हलवली. आग्नेलचं काही नाही, म्हणाली.

"त्या दिवशी मी तसाच कुमगार घेतला, बाय. पेज पिऊन. आणि ते कधी कुमसारात बोलले न्हाय. दर रविवारी जीभ पुढं केली, दर रविवारी पाप चढत गेलं. चार वर्षं झाली, मी घेतच न्हाय. चहा प्याले म्हणून सांगते. तुला तेवढं पण कळलं न्हाय?"

कुंतान गडबडून म्हणाली, की वेडे, आता तर तो नियमही उरला नाही, रोमवरून हुकूम आला, तीन तासांचा उपास पुरतो.

"नियम बदलला. मी कुठं बदलले?" फिलूचे डोळे भरून आले. "तू सगळ्यांत हुशार होतीस. कुमगाराच्या शिकवणीत मास्तरांनी विचारलं होतं, उपास मोडून कुमगार घेतला तर काय होतं? आख्ख्या वर्गात तूच हात वर केलास. 'महापाप,' म्हणालीस. तुला ठाऊक होतं, बाय! एक दिवस लोक हसले असते मला, दोन वर्षांनी घेतला असता मी. तू मला वाचवलं न्हाय. तू मला हात धरून त्यात ढकललंस... आणि लोक तुला हसतात तेव्हा तू अशी बघतेस माझ्याकडं, जशी मी तुझं काय देणं लागते."

कुंतानला वाटलं, आपल्या अंगावरचं वस्त्र कुणीतरी भर देवळात ओढून घेतलं. खरंच तिला ठाऊक होतं! उत्तर तोंडपाठ होतं. पण त्या पहाटे तिला दिसली ती फक्त आपली थोरवी. सात वर्षांच्या त्या जीवाच्या आत काय पेरलं जातंय ते दिसलं नाही. ज्या एका गोष्टीचा तिने अकरा वर्षं अभिमान बाळगला, ती तिने एकदाही कुमसारात सांगितली नव्हती, कारण ती तिला पाप वाटलीच नव्हती. शरमेने तिचे कान तापले. बहिणीकडे वर मान करून बघवेना.

दार करकरलं. इनासीन उंबऱ्यावर उभी होती, हातांना पीठ तसंच. तिने सगळं ऐकलं होतं. आता कडाडेल, असं वाटून दोघी उठून उभ्या राहिल्या. पण ती दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खालीच बसली.

"तुम्ही दोघी कशाला भांडता," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं."

फिलूने विचारलं, काय ठाऊक होतं.

"फिलू, तुझ्या ओठाला भाताचं शीत चिकटलं होतं. मी पाहिलं. या बोटानं मीच पुसलं." तिने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. "तुझी मादरीन बाहेर तयार होऊन बसलेली. एवढा खर्च करून आलेली बाई, तिला काय तोंड दाखवू? आणि कुंतान 'मी' म्हणाली... तिनं तसं म्हटलं आणि माझा जीव भांड्यात पडला गो. तिच्या झग्याला कोण बघणार होतं?"

कुंतानला हुंदका आला नाही. तो यायला हवा होता, पण आत सगळं सुन्न होतं. आईने फसून नव्हे, तर जाणूनबुजून तिच्या उशाची ओढणी उचलून नेली होती. खोटं फक्त आपलंच आहे असं ती समजत आली होती, ते आईचंही होतं. आणि तिला वाटलं, आता या बाईला मी कधी आय म्हणू शकणार नाही.

इनासीन उठली आणि अंगणात गेली. बायका पिठाचे गोळे करत होत्या, चौलच्या वाडीतली गोदूबाई नवरीसाठी वेण्या घेऊन आली होती, ती सुपारी कातरत बसली होती. त्या सगळ्यांसमोर इनासीन उभी राहिली आणि रुझायला म्हणाली, "पेजकुंतान म्हणू नको तिला. ती प्यालीच न्हाय. धाकटी प्याली होती, झोपेत. मी बघितलं आणि मोठीला बळी दिलं. मला काय म्हणायचं ते म्हण."

रुझायचे हात पिठातच राहिले. कुणी वर बघेना. गोदूबाईने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आमच्यात एकादशीला पोरानं खाल्लं तर देवाच्या मुखी गेलं म्हणतात. तुमचा देव एवढा कडक हाय व्हय?"

"देव न्हाय गोदू, मी कडक होते," इनासीन म्हणाली. "आणि ते पण एकीशीच."

ती आणखी बोलू लागली. कुंतानला मागच्या बाकावर बसवलं ते, मग दोन वर्षांनी लहान पोरांत उभं केलं ते... ज्यासाठी कुंतानचा जीव इतकी वर्षं नकळत भुकेला होता ते सगळं आता भर अंगणात, सगळ्यांसमोर मांडलं जात होतं. आणि तिला ते ऐकवेना. पांढऱ्या केसांची आपली आई शेजारणींपुढे मान खाली घालून उभी आहे, हे तिला बघवेना. ती धावत गेली, आईचा घसरलेला पदर तिने डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "पुरे, आय. पाद्री उठून जाईल. चल."

फिलू आपसूक त्यांच्या मागोमाग निघाली. तिघी माडांमधल्या वाटेने देवळाकडे गेल्या.

देवळात शेवटची दोन-चारच माणसं उरली होती. फिलू आधी पडद्यामागे, पाद्रीपाशी गेली. बराच वेळ झाला. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते, पण ती येऊन कुंतानच्या बाजूला, खांद्याला खांदा लागेल अशी गुडघ्यांवर बसली आणि कानात कुजबुजली, "सोमवारी घेणार मी, बाय." कुंतानने तिचा हात धरला, आणि तिने तो सोडवून घेतला नाही.

घंटा वाजवणारा माणूस दोरीपाशी येऊन उभा राहिला. कुंतान घाईने आईला म्हणाली, आय, तू जा, तुझे गुडघे दुखतात, मी थांबते.

"न्हाय," इनासीन म्हणाली. तिने कुंतानच्या पाठीवर हात ठेवला, पिठाची बोटं काळ्या पोलक्यावर उमटली. "तू पुढं हो, बाये. आज मी तुझ्या मागं."

कुंतान पडद्यामागे जाऊन गुडघ्यांवर बसली. आजवर तिची पापांची यादी नेहमी तयार असे, नीट घडी घातलेली. आज ती नव्हती. जाळीपलीकडे पाद्री वाट बघत होता, आणि तिला एवढंच सांगता आलं, की फादर, माझं एक पाप हाय, ज्याची मला कधी लाज वाटली न्हाय... आज वाटली.