सुका बोंबील ऑनलाइन आहे

"फोन उघडा, पण आतलं काही बघू नका."

बोईसर स्टेशनजवळच्या त्या अरुंद मोबाइल दुकानात शिरल्या शिरल्या उन्नतीने हे सुनावलं. जुलैचा पाऊस आठवडाभर नुसता कोसळत होता. रिक्षातून उतरताना तिची छत्री उलटी झाली आणि फोन डबक्यात. त्यात भिजलेली ओढणी, त्यात ऑफिसला उशीर. मूड कसा असणार, तुम्हीच सांगा.

काउंटरमागच्या तरुणाने फोन हातरुमालात घेतला. "मी डॉक्टर आहे असं समजा, मॅडम. डॉक्टर पेशंटच्या मनातलं बघत नाही."

"डॉक्टरांवरही माझा विश्वास नाही."

"मग तुम्ही इथेच उभ्या राहून बघा." त्याने पंखा तिच्याकडे वळवला. फोनकडे नाही, तिच्याकडे... तिची ओढणी भिजली होती म्हणून. उन्नतीने ते पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.

थोड्या वेळाने फोन जिवंत झाला आणि जिवंत होताच कोकलायला लागला. स्क्रीनवर आलं — 'सुका बोंबील यांनी तुमच्या पोस्टवर कमेंट केली.'

तो तरुण हसला. नुसता हसला असता तर चाललं असतं. पण त्याने हसू गिळलं, चोरून मिठाई खाताना पकडल्यासारखं. उन्नतीच्या डोक्यात तिथेच पाल चुकचुकली.

तिला दोष देऊ नका. संशय तिच्या अंगात भिनलेलाच होता. आईने, म्हणजे रंभाबाईने, लहानपणी बाजारात नेऊन शिकवलं होतं, की मासा घेताना आधी डोळे बघायचे, मग कल्ले उचलून बघायचे, विकणारी सख्खी मावशी असली तरी. पोरीने ती शिकवण मासळीपुरती ठेवली नाही, एवढंच.

आणि हा सुका बोंबील म्हणजे तिच्या आयुष्याला झालेला ताप होता. फेसबुकवर 'आपला कट्टा, पालघर-बोईसर' नावाचा एक ग्रुप होता. तिथे सगळ्या गोष्टींवर सगळे भांडायचे. खड्डे, लोडशेडिंग, पंचायतीची निवडणूक, पोरांचे मोबाइल गेम, होड्यांवरची मासे दाखवणारी यंत्रं... समुद्रकाठच्या मुरबे गावच्या उन्नतीचं तोंड तिथे सगळ्यात तिखट. आणि मे महिन्यापासून हा एक प्राणी उगवला होता. ना चेहरा, ना पत्ता. फोटोत दोरीवर वाळत घातलेला एक बोंबील. उन्नतीने काही लिहिलं, की हा आडवा आलाच.

तिने लिहिलं, होड्यांवर यंत्र बसवा. तो म्हणाला, "यंत्र मासा दाखवल. मासा राखल कोन?"

तिने लिहिलं, निवडणुकीत तरुणांचं पॅनेल निवडून द्या. तो म्हणाला, "देऊ की. पन तुमचं पॅनेल सकाळी उठतं कवा?" त्याला दीडशे लोकांनी हसून दाखवलं.

घरी असं कोणी बोललं असतं तर तिने सोडलं नसतं. पण घरी बोलत कोण होतं? बाबा, म्हणजे भगवंत तांडेल, सहा महिने तिच्याशी बोलत नव्हते. मच्छीमार सोसायटीच्या सभेत ते यंत्राच्या विरोधात बोलायला उभे राहिले, आणि त्यांच्याच पोरीने मागून उठून, मोबाइलवर व्हिडिओ दाखवत, त्यांचा एकेक मुद्दा खोडून काढला. गाव हसलं. त्या दिवसापासून एकाच घरात बसून निरोप आईमार्फत. "तिला सांग, छत्री ने." "बाबांना सांग, नेलीये." रंभाबाईचा पार पोस्टमन झाला होता.

*

फोन पुन्हा बिघडला. मग चार्जर बिघडला. मग काहीच बिघडलं नाही, तरी उन्नती ऑफिस सुटल्यावर दुकानाशी थांबायला लागली. संशय घेतला तर पाळत ठेवायला नको का? हे तिचं कारण. आपण मानू या.

त्याचं नाव सुजित. वडील मंगळवेढ्याहून कारखान्यात नोकरीला आले, हा बोईसरातच जन्मला. समुद्र पाहिला की त्याला गरगरायचं. तरी तिची बोली मात्र झकास उचलायचा.

"आज उशीर झाला, बाय. आमी वाट बगत होतो."

"नीट बोल. मुरब्यात कोणी ऐकलं तर सुकत घालतील तुला."

"घालू देत नं. तू बाजूला हायस ना वाळत?"

ती हसली, आणि हसता हसता तिचं डोकं चालायला लागलं. याला आपली बोली येते. सुक्या बोंबलालाही येते. दोघांचा मुक्काम मोबाइलमध्येच... तिने मनातल्या मनात एक गाठ मारून ठेवली.

दोघं बंदुकांचा गेम एकत्र खेळायचे, ती मुरब्याहून, तो बोईसरहून. सुजित भयंकर वाईट खेळायचा. आपली औषधाची पेटी तिला द्यायचा आणि स्वतः मरायचा. "अरे, स्वतःसाठी ठेव ना!" ती ओरडायची. "मला कुठे जिंकायचंय," तो म्हणायचा... आणि मग कानात नुसता त्याच्याकडचा पाऊस वाजायचा.

गेमवरून कट्ट्यावर वाद पेटला तेव्हा बोंबलाने लिहिलं, "गेममदी मेला तर परत जिता. दर्यात तसलं बटन नाय."

उन्नतीने ते सुजितला दाखवलं. तो हळू आवाजात म्हणाला, "बरोबर बोलला की बिचारा."

"बिचारा? तुला कसं माहीत बिचारा आहे ते?"

"असंच... वाटलं." आणि स्क्रूड्रायव्हर शोधायला तो काउंटरखाली जो वाकला, तो वर यायलाच तयार नाही.

दुसरी गाठ.

तरी ती त्याच्या प्रेमात पडली. संशय घेता घेता माणूस सारखा डोळ्यांसमोर राहतो, त्याचा हा परिणाम. म्हणून तर एका संध्याकाळी, घरामागे बोंबील वाळवायच्या दांड्यांपाशी उभी राहून, तिने फोनवर त्याला ते सांगितलं. जे आईलाही सांगितलं नव्हतं.

"पुण्याच्या कंपनीत नोकरी मिळतेय. अजून कोणालाच बोलले नाहीये. जाऊ का?"

पलीकडे सुजितने दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "जावंसं वाटत असेल तर जा. मी काय... दुकान तिकडेही टाकता येतं."

त्या वाक्यावर ती दोन दिवस तरंगत होती. तिसऱ्या दिवशी कट्ट्यावर सुक्या बोंबलाने लिहिलं, "गाव सुदरायचं म्हनतात आन् गुपचूप पुन्याला पलायची तयारी करतात."

उन्नतीने ते तीनदा वाचलं. ही गोष्ट जगात एकाच माणसाला माहीत होती.

*

ती दुकानात शिरली तेव्हा सुजितची पाठ होती. समोरच्या कॉम्प्युटरवर सुक्या बोंबलाचं खातं उघडं होतं. दोरी, बोंबील, सगळं. खाली लिहिलेलं, 'नवा पासवर्ड टाका.'

"वा!" उन्नती म्हणाली. "पासवर्डही बदलून झाला?"

सुजित दचकून वळला. "तू समजतेस तसं नाहीये."

"मग कसं आहे? सांग ना. मे महिन्यापासून माझी टर उडवतोयस. इथे गोड बोलायचं, तिथे चारचौघांत सोलायचं. पुण्याचं मी फक्त तुला सांगितलं होतं, सुजित!"

"मी कोणाला बोललो नाही. हे खातं माझं नाही, उन्नती."

"मग कोणाचं?"

त्याने घाईने कॉम्प्युटर बंद केला.

"कोणाचं?"

"शब्द दिलाय मी. नाही सांगता येणार."

"मला नाही सांगता येणार?"

"तुला तर... नाहीच." त्याचा चेहरा इतका पडला, की दुसरी कोणी असती तर पाघळली असती. उन्नतीने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे स्वच्छ होते. त्याचाच तिला जास्त राग आला.

"डोळ्यांना पाणी मारून शिळा मासा ताजा करतात, माहितीये मला," असं म्हणून ती निघून गेली. त्याचे फोन आले, तिने घेतले नाहीत. गेममधूनही त्याला काढून टाकला. गेममध्ये आता ती एकटीच मरायची, आणि औषध द्यायला कोणी नसायचं. रडू यायचं, मग रडल्याबद्दल स्वतःचाच संताप यायचा.

*

नारळी पौर्णिमा झाली, दर्याला नारळ दिला, पावसाळी मासेमारीबंदी संपून होड्या बाहेर पडल्या. बाबाही गेले. आणि काय नवल — सुका बोंबील गप्प झाला. कट्ट्यावर यंत्रांवरून मारामारी पेटली, तरी हा नाही.

'घाबरला,' उन्नती मनाशी म्हणाली. 'पकडला गेला ना.'

मग एक दिवस बोंबील परत आला आणि राहिलेली सगळी भांडणं एका बैठकीत भांडला. दोन-तीन दिवस नुसता धुमाकूळ. पुन्हा गायब. पुन्हा आला. पुन्हा गायब.

हे काय प्रकरण? सुजित तर रोज दुकानात दिसत होता. हो, ती रोज रस्त्याच्या पलीकडून बघत होती, कशाला लपवा? त्याच्याकडे नेट होतं, वेळ होता. मग बोंबलाला मधेच अशी दातखीळ का बसावी?

तेवढ्यात रंभाबाई चुलीपाशी स्वतःशीच बोलली, "आज भांग लागला. होड्या येतील आता."

उन्नती ताडकन उठली.

मुरब्याच्या पोरीला हे शिकवावं लागत नाही. पुनव-अवसेच्या उधाणाला पाणी ओढतं, जाळ्यात मासळी येते, होड्या बाहेर असतात, तिथे फोनला रेंज नसते. अष्टमीच्या भांगाला पाणी सुस्त, जाळी रिकामी, माणसं घरी. तिने फोन काढून नारळी पौर्णिमेनंतरच्या कमेंटी पाहिल्या. बोंबील भांगाला बोलत होता आणि उधाणाला गप्प होता. बोंबील दर्यावर जात होता!

पण पुण्याचं त्याला कसं... ती मागच्या दारात गेली. वाळवायच्या दांड्या. त्यांच्या पलीकडे, भिंतीच्या आडोशाला, बाबांची जाळी विणायची जागा. त्या संध्याकाळी ती इथे उभी राहून बोलली होती. आणि तिथे...

अगं बाई.

संध्याकाळी बाबा आले, आंघोळ करून पुढच्या खोलीत बसले. उन्नतीने आत ताट वाढलं. आईला निरोप सांगितला नाही. फोन घेतला आणि सुक्या बोंबलाला मेसेज लिहिला.

"बाबा, जेवायला या. मासळी गार होते."

पुढच्या खोलीत टिंग वाजलं.

 रंभाबाईने कालवणातला डाव तसाच वर धरून ठेवला. किती वेळ गेला देव जाणे. शेवटी भगवंत तांडेल दारात येऊन उभे राहिले, डोळ्यांवर चष्मा, हातात फोन.

ते ताटावर बसले. एक घास घेतला.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले. आईला नाही, तिला.

उन्नतीने मीठ पुढे केलं, तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "बाबा, तोंडाने भांडायचं ना माझ्याशी!"

"तोंडानं जमना. सभेत तू बोललीस ना, पोरी, मला राग नाय आला. लाज वाटली. मला काय येतच नाय असं वाटलं." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "तू त्यात काय लिवतीस ते नुसतं बगायचं होतं. त्या बोईसरच्या पोरानं खातं काढून दिलं. मग हात राहवना. इथं तरी तू मला उत्तर देत होतीस."

"आणि पुण्याचं चारचौघांत लिहिलंत?"

"भ्यालो मी," बाबा म्हणाले. "चुकलंच माझं."

मग ते थांबले. "त्या पोराला मी दर्याची आन घातलेली. तो घाटावरचा, त्याला दर्या काय, दर्याची आन काय! तुमचं बिनसल्याचं कळलं तवा मीच त्याला म्हनलं, सांगून टाक बाबा तिला. तो म्हनला, काका, तुमीच सांगा, ते तुमच्या तोंडून पायजे तिला."

रंभाबाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या दोघांमध्ये कोणाचाही निरोप न नेता आपलं स्वतःचं वाक्य बोलली. "असं पोर सोडून आलीस होय गं, बावळट?"

*

दुसऱ्या दिवशी सुजितच्या काउंटरवर एक फोन येऊन पडला.

त्याने वर पाहिलं. "काय बिघडलंय?"

"फोन चांगला आहे. डोकं बिघडलं होतं."

"डोक्याचे स्पेअर पार्ट मिळत नाहीत, मॅडम."

"सुजित..." तिने फोन त्याच्याकडे सरकवला. "मी तुला शिळा मासा म्हणाले."

"म्हणालीस." तो फोनची काच उगाच पुसत राहिला. "वाईट वाटलं. पण तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच समजलो असतो. पासवर्ड विसरला होता तुझा बाप, चौथ्यांदा."

ती रडता रडता हसली. त्याने पंखा तिच्याकडे वळवला. पाऊस नव्हता, ओढणी कोरडी होती, तरीही.

"पुण्याचं काय ठरलं?" त्याने खाली मान घालून विचारलं.

"नको म्हणून कळवलं. तुझ्यासाठी नाही, उगाच फुगू नकोस. बाबांशी यंत्रावरचं भांडण अर्धं राहिलंय."

"बरं."

"आणि... माझं एक गुपित आहे. बाबांचं राखलंस तसं राखशील?"

"राखीन."

"घाल दर्याची आण."

"घातली."

ती काउंटरवर वाकली आणि त्याच्या कानात बोलली. दोनच शब्द असतील. सुजितचे कान लालबुंद झाले.

"हे एक..." तो चाचरला, "हे एक नाही जमणार, उन्नती. मी आत्ता चौकात जाऊन ओरडणार आहे."

"आण मोडलीस की!"

"मोडली."

तेवढ्यात काउंटरवरचा तिचा फोन वाजला. दोघांनी एकदम खाली पाहिलं. दोरीवरचा बोंबील, आणि त्याच्याखाली मेसेज.

"दुकान बंद करायला सांग आन् त्या पोराला जेवायला घेऊन ये. मासळी गार होते."