समरकंदला निघालेल्या बाई

वीज येईल तेव्हा येईल. तेजस, तो मोबाईलचा उजेड बंद कर. शेफाली, तूही अशी जवळ बस. ही ऐकीव गोष्ट नाही बरं का. माझा मित्र साईनाथ, ज्याचं इथे वारज्यात सहलींचं ऑफिस आहे, त्याच्या डोळ्यांदेखत हे घडलंय.

गेल्या वर्षीची अठरा नोव्हेंबर, मंगळवार. रात्री पावणेनऊला साईनाथ ऑफिस बंद करून कसबा पेठेत निघाला. काम साधं होतं. नीरजाबाईंना तिकिटं आणि व्हिसाचे कागद नेऊन द्यायचे. बाईंनी त्याला शाळेत चित्रकला शिकवली होती. आता वय चौसष्ट, निवृत्त. पहाटे साडेचारला गाडी येणार, मुंबईहून विमान, आणि मग समरकंद. निळ्या घुमटांचं गाव. एकतीस वर्षं त्या फळ्यावर रंगीत खडूनं मुलांना ते घुमट काढून दाखवत आल्या. स्वतः मात्र सोलापूरच्या पुढे गेल्या नव्हत्या.

का, तर त्यांचे यजमान श्रीनिवासराव. बाईंनी आधी हंपी ठरवलं, मग कोणार्क, मग खजुराहो. तिन्ही वेळा हे गृहस्थ साईनाथच्या ऑफिसात येऊन सहल रद्द करून गेले. "दगडच बघायचेत ना? पर्वती आहे की. जेवायच्या वेळेला घरी परत." आणि बाईंना घरी एकच वाक्य, "मी असेपर्यंत तू कुठेही जाणार नाहीस."

मार्चमध्ये ते गेले. एप्रिलमध्ये बाईंनी समरकंद ठरवलं. नातेवाईक बोलले. वर्ष तरी होऊ द्यायचं होतं, वगैरे. बाई म्हणाल्या, "मी त्यांचा शब्द कुठे मोडला? असेपर्यंत म्हणाले होते."

तर साईनाथ तिसऱ्या मजल्यावर पोचला. दाराशीच बॅग उभी होती, भरलेली, कुलूप लावलेली. बाई चष्मा लावून एकेक कागद तपासायला लागल्या. पाच मिनिटं गेली असतील. साईनाथनं सहज दाराकडे पाहिलं. बॅग नव्हती.

आतल्या खोलीत पलंगावर ती उघडी पडली होती. रिकामी. कपडे सगळे कपाटात, एकावर एक रचलेले.

"बाई... हे..."

बाई दचकल्यासुद्धा नाहीत. "सकाळपासून तिसऱ्यांदा," त्या म्हणाल्या. "घडी बघ. बाह्या आत दुमडून. या घरात अशी घडी एकच माणूस घालायचा."

साईनाथनं रिकामी बॅग पुढे ओढली. "बाई, आत्ताच निघू या. रात्री माझ्याकडे राहा. गाडी तिकडेच बोलावतो."

दोघांनी मिळेल तसे कपडे कोंबले, बॅग ओढत बाहेरच्या खोलीत आणली. दार नुसतं लोटलेलं होतं.

तेवढ्यात कडी हलली.

हळू. आपोआप. सरकत गेली... आणि लागली. ठक्.

साईनाथनं ओढून पाहिली. दोन्ही हातांनी. हलेना.

दिवा गेला नाही. नुसता मंद झाला.

आतल्या खोलीत कुणीतरी खाकरलं.

"अहो साईनाथ..." कोरडा आवाज. ऑफिसात तीनदा ऐकलेला. "रद्द करा."

साईनाथ मला म्हणाला, आवाज ओळखला तेव्हा तितकी भीती वाटली नाही. आवाज जवळ आला, तेव्हा वाटली.

"रद्द करा..."

आता पडद्यामागे. पडदा फरशीपासून वीतभर वर होता. खाली पाय दिसायला हवे होते...

नव्हते.

"मी आहे... अजून."

बाईंनी बॅगचा दांडा सोडला. वळल्या. पदर खोचला. वर्गात मागच्या बाकावर कुणी बडबडलं की वळायच्या, तशा.

"नाही आहात," त्या म्हणाल्या. "महापालिकेचा दाखला आहे माझ्याकडे. शिक्क्यासकट. शिक्का बसला की विषय संपला, असं तुम्हीच म्हणायचात ना?"

भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक थांबली...

"एकटी... कुठे जाशील?"

"जिथे तुम्ही नेलं नाहीत तिथे!"

आणि बाई तरातरा गेल्या. कुठे? पडदा हातानं बाजूला सारून, त्याच खोलीतून, स्वयंपाकघरात! साईनाथनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा बाईंच्या हातात खलबत्त्यातला लोखंडी बत्ता होता. कडीवर पहिला घाव. दुसरा. तिसऱ्याला कडी स्क्रूंसकट फरशीवर पडली.

दार उघडलं.

साईनाथ बॅग घेऊन पुढे, बाई मागे. आणि बाईंच्या मागे... पावलं. दुसरा मजला. पहिला. दोघं थांबले की तीही थांबायची. शेवटच्या पायरीवर ती थांबली ती थांबलीच.

बाईंनी मागे पाहिलं नाही. रस्त्याकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "गॅस बंद केलाय. दूधवाल्याला सांगितलंय. येते मी."

आणि गेल्या की! बारा दिवस. समरकंद पाहिलं, बुखारा पाहिलं. सकाळी सहाला उठून चौकात बसायच्या आणि ऊन घुमटावर कसं चढतं ते बघत राहायच्या. एकदा रडल्याही म्हणे. तिथूनच साईनाथला फोन केला, "फेब्रुवारीत अंगकोरची देवळं बघायच्या सहलीत माझी जागा धरून ठेव."

परतल्यावर तो भेटायला गेला. दाराला नवी कडी. घर जागच्या जागी. बाईंनी तिकडे काढलेल्या चित्रांची वही समोर ठेवली. अकराव्या पानावर मोठ्या मशिदीचा घुमट. खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं, बारीक, तिरप्या अक्षरात तीन शब्द.

"घुमट डावीकडे झुकलाय."

"बाई, वही कुणाला दिली होतीत?"

"कुणालाच नाही. रात्री उशाखाली असायची."

अक्षर कुणाचं, ते साईनाथनं विचारलं नाही. बाईंनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "येऊ देत. पण आता कुठे जायचं ते मी ठरवणार."

ते पान मी पाहिलंय. बाईंनी माझ्यासमोर त्या शब्दांवरून खोडरबर फिरवलं. चांगलं दाबून, चार-पाच वेळा. शेजारचा घुमट पुसट झाला, कागद झिजून उजेड आरपार दिसायला लागला...

अक्षरं तशीच होती.