दार मध्ये असलं की

ती लिफ्टमध्ये अडकली तेव्हा तिला घरी जायची घाई होती आणि पोटात कावळे ओरडत होते. तिसऱ्या नि चौथ्या मजल्याच्या मधोमध एक गचका बसला, दिवा गेला आणि तिची पाचावर धारण बसली. तिने दार बडवलं, दिसतील ती बटणं दाबली. बऱ्याच वेळाने वरच्या फटीतून एक आवाज आला.

“घाबरू नका. मी इथेच आहे.”

“मी म्हणजे कोण?”

“लिफ्टवाला.”

“किती वेळ लागेल?”

“वीस मिनिटं. तुम्ही बोलत राहिलात तर पंधरा.”

“मी बोलल्याने लिफ्ट लवकर दुरुस्त होते वाटतं?”

“लिफ्ट नाही हो… माझा हात जरा भरभर चालतो.”

काळोखात तिला हसू फुटलं. चौथ्या मजल्यावरच्या दवाखान्यात ती लोकांचे कान तपासायची. पेशंटला बंद खोलीत बसवायचं, हेडफोन चढवायचे आणि बजावायचं – आवाज आला की बोलायचं नाही, नुसता हात वर करायचा. आवाजांच्या बाबतीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आणि हा आवाज… उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं, तसा होता.

“माझे पण कान तपासाल का?” फटीतून प्रश्न आला.

“का? ऐकू येत नाही?”

“येतं की. पण तेवढंच निमित्त…”

दार उघडलं. समोर ग्रीसने माखलेले हात, खिशात स्क्रूड्रायव्हर आणि तोंडात मूग! इतका वेळ गप्पा हाणणारा माणूस तिच्याकडे बघून नुसता लाल झाला. तिला तेही गोड वाटलं. तिथेच ती फसली, असं तिची ताई आजही म्हणते.

लग्नानंतर सगळ्या गावाला त्याचा आवाज मिळाला, तिला सोडून. रात्री-बेरात्री फोन यायचा, हा जेवणावरून उठायचा आणि कुठल्याशा बंद दाराबाहेर बसून परक्या आजीला धीर द्यायचा. घरी आला की तोंडाला कुलूप. वाईट नव्हता हो! बायकोचा चहा न सांगता करायचा, तिच्या चपलेचा तुटलेला अंगठा गुपचूप लावून ठेवायचा. पण तिचे बाबा गेले त्या दिवशी ती त्याच्यासमोर तासभर बसली. एक शब्द बोल, म्हणून नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तो उठला आणि डुगडुगणारी खुर्ची दुरुस्त करायला लागला.

सहाव्या वर्षी तिने बॅग भरली. त्याने ती रिक्षापर्यंत उचलून नेली. थांब म्हणाला नाही. वर्षभर ती ताईकडे राहिली आणि मग दोघांनी समजुतीने अर्ज केला.

लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून. दोन्ही मोडून पाहायची असतील तर मात्र वकीलबाईंच्या टेबलाशी बसावं लागतं. दोघांत मिळून एकच वकीलबाई होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि जीभ त्याहून पुढे.

“प्रेमाचं नंतर बघू, आधी विजेचं मीटर कोणाच्या नावावर आहे ते सांगा. घर दोघांचं, कर्ज एकट्या यांचं. मग घर यांच्याकडे आणि तुमचा निम्मा वाटा हप्त्यांनी. बरोबर? जॉइंट खातं बंद, सही दोघांची. फ्रिज?”

“तिला,” तो म्हणाला.

“मला नको. ताईकडे आहे.”

“तुला थंड पाणी लागतं.”

तो एवढं बोलला याचंच तिला नवल वाटलं. वकीलबाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं आणि फ्रिज तिच्या यादीत टाकला.

“विम्याला नॉमिनी म्हणून बायकोचं नाव आहे. ते बदलायचं ना?”

“राहू दे,” तो टेबलाकडे बघत म्हणाला.

“अहो, पण नात्याच्या रकान्यात काय लिहू?”

तिने खिडकीबाहेर बघितलं. रकाना तसाच राहिला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं येतात म्हणे, पण मोडणाऱ्या लग्नाला एकही विघ्न येऊ नये, याचं तिला आतून वाईट वाटत होतं.

तारखेच्या दोन दिवस आधी ती सामान वेगळं करायला घरी गेली. झोपायच्या खोलीतलं कपाट आवरत होती. वारा सुटला, दार धाडकन लागलं आणि लॅच अडकला. तीन वर्षं ‘उद्या बघतो’ म्हणून राहिलेला लॅच! जगाची दारं उघडणाऱ्याच्या घरात दिव्याखाली अंधार.

“अडकले रे!” ती ओरडली.

बाहेर पावलं आली. हत्यारांची पेटी खाली टेकल्याचा आवाज झाला.

“घाबरू नकोस. मी इथेच आहे.”

सात वर्षांनी तोच आवाज! ती दाराला पाठ टेकून खाली बसली.

“किती वेळ लागेल?” तिने हळूच विचारलं.

“तू बोलत राहिलीस तर पंधरा मिनिटं.”

“आज तू बोल.”

स्क्रूड्रायव्हर थांबला. मग तो सावकाश बोलू लागला.

“बाबा गेले त्या दिवशी… मला खूप बोलायचं होतं गं. पण तुझा चेहरा समोर आला की वाटतं, मी काहीतरी चुकीचं बोलणार आणि तू दुखावणार. फटीतून माणसाचा चेहरा दिसत नाही ना, म्हणून तिथे जमतं. तू बॅग भरलीस तेव्हा तर एकच शब्द म्हणायचा होता. रिक्षा वळेपर्यंत तोंडात होता माझ्या.” एक स्क्रू टणकन खाली पडला. “परवाची तारीख… नको ना जायला? राहतेस? ऐकतेयस ना तू?”

ती ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आणि तिचा हात आपोआप वर गेला. हजारो पेशंटना तिने तेच शिकवलं होतं – ऐकू आलं की बोलायचं नाही, हात वर करायचा. पण दवाखान्यातल्या खोलीला काच असते, या दाराला नव्हती.

तो थांबला. बराच वेळ थांबला. मग लॅच खटकन सुटला.

तो जमिनीकडे बघत उभा होता. चेहरा पुन्हा बंद झाला होता. “लॅच बदलावा लागेल,” तो कोरडेपणाने म्हणाला. तिचा हात अजून अर्धवट वरच होता. त्याच हाताने तिने केस सारखे केले. अडकलेल्या प्रत्येकाशी हा असाच गोड बोलतो, ती मनात म्हणाली आणि बॅग उचलली.

कोर्ट चौथ्या मजल्यावर होतं. ती जिन्याने धापा टाकत गेली. त्या पहिल्या दिवसापासून तिने एकटीने लिफ्टमध्ये पाय ठेवला नव्हता.

“विचार बदललाय का कोणाचा?” न्यायाधीशांनी विचारलं.

त्याने तिच्याकडे बघितलं, तिने त्याच्याकडे. आधी तू, आधी तू, असं करता करता दोघेही एकदमच “नाही” म्हणाले. शिक्का बसला. पाच मिनिटंही लागली नाहीत.

बाहेर ती जिन्याकडे वळली.

“लिफ्टने जा,” तो मागून म्हणाला. “इथली लिफ्ट माझ्याकडेच असते. काल संध्याकाळी येऊन सगळी तपासलीय. तू… अडकणार नाहीस.”

तिच्या मनात लख्ख प्रकाश पडला. हा माणूस आयुष्यभर तिच्याशी बोलतच होता – खुर्चीतून, चपलेतून, फ्रिजमधून. जगाचे कान तपासणारीला तेवढं ऐकू आलं नव्हतं. ती लिफ्टमध्ये शिरली आणि बटण दाबलं.

“परवा, खोलीत…” दार सरकू लागलं तशी ती घाईने म्हणाली, “मी हात वर केला होता रे.”

त्याला कळायला एक क्षण लागला. तोवर दार मिटलं होतं. आणि मिटलेल्या दाराआडून, वर्षभर ज्याची वाट पाहिली तो शब्द आला.

“थांब!”

पण लिफ्ट थांबली नाही. त्याने स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलेली लिफ्ट ती. गचका नाही, आवाज नाही, ती तिला अलगद खाली घेऊन गेली. वर जिन्यात कोणीतरी धावत सुटलं होतं. तीन मजले… दोन…

खालचं दार उघडलं. पायरीवरून ठेचकाळत तो समोर येऊन उभा राहिला. घामाघूम, तोंड उघडं, आणि शब्द नाही. तिच्या पिशवीत ताजा हुकूम होता. घर, खातं, मीटर, सगळं वेगळं झालं होतं आणि ते कागद आता मागे फिरणार नव्हते. दोनच दिवस आधी नुसतं ‘हो’ म्हणाली असती तर…

तो तसाच उभा होता, तिच्या चेहऱ्याकडे बघत, पार गांगरून.

मग ती एक पाऊल मागे सरली, लिफ्टच्या आत. दार लावायचं बटण तिने दाबलं आणि दोघांच्या मध्ये दार मिटू दिलं. बाहेर फक्त धापा ऐकू येत होत्या.

“घाबरू नकोस,” ती आतून म्हणाली. “मी इथेच आहे.”